संगणकाच्या कामातून शिकलेल्या काही गोष्टी

(खुलताबाद येथील विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून चार उपयोगाच्या गोष्टी सांगाव्यात, असे मंडळाने आम्हाला सुचविले. मोठे तत्त्वज्ञान सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु रोज संगणकासमोर बसून जे मनाशी पक्के झाले, ते आपल्यापुढे ठेवीत आहोत. पटेल ते घ्यावे, न पटेल ते सोडून द्यावे.

लोक म्हणतात, संगणक हुशार आहे. आमचे मत थोडे निराळे आहे. संगणक आज्ञाधारक आहे. जे सांगितले तेवढेच तो करतो. आपल्या गावाचेच उदाहरण घ्या. कोणी खुलताबाद लिहितो, कोणी खुल्दाबाद. इंग्रजीत कोणी 'टी' घालतो, कोणी 'डी'. पोस्टमनला दोन्ही कळतात, कारण तो माणूस आहे. संगणकाला मुद्दाम शिकविल्याशिवाय ही दोन गावे एकच आहेत हे कळत नाही.

हेच आपल्या मुलांच्या नावांचे होते. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, तर आधार कार्डावर शेवटी. वडिलांच्या नावापुढे एका कागदावर 'राव' आहे, दुसऱ्यावर नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना हा फरक उघडा पडतो आणि अर्ज अडकतो. मुलगी गुणवान असते, तिचा काही दोष नसतो. पण मुदत कोणासाठी थांबत नाही. एका अक्षरापायी वर्ष वाया जाणे ही आपल्या घरांना परवडणारी गोष्ट नाही.

म्हणून विद्यार्थ्यांनी नववीतच एक काम करावे. एका कागदावर स्वतःचे, वडिलांचे व आईचे नाव आणि जन्मतारीख मराठीत व इंग्रजीत लिहावी. मग शाळेची नोंद, आधार कार्ड, जातीचा दाखला आणि बँकेचे पासबुक समोर ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. फरक दिसला तर दहावीच्या बोर्डाचा अर्ज भरण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्यावा. प्रमाणपत्र छापून आल्यावर दुरुस्ती फार जिकिरीची होते. बँकेचे खाते आधारशी जोडले आहे की नाही, हेही पाहावे. शिष्यवृत्तीची रक्कम तेथेच जमा होते.

दुसरी गोष्ट उसन्या कामाची. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात, उडाल्यापासून सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. कारण काय, तर एक मोठा आकडा त्याच्यासाठी ठेवलेल्या लहान जागेत मावला नाही. प्रोग्रामचा तो भाग आधीच्या एरियन ४ मधून जसाच्या तसा उचललेला होता. तेथे तो बिनतक्रार चालत होता. नव्या रॉकेटचा वेग वेगळा होता, ही बाब कोणी पुन्हा तपासली नाही.

आज विचारताच उत्तर लिहून देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रोग्राम मोबाईलवर आले आहेत. त्यांचा उपयोग करू नका, असे आम्ही म्हणणार नाही, आम्हीही करतो. मात्र एक नियम पाळावा. जे स्वतःच्या शब्दांत दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही, ते आपले म्हणून कोठेही देऊ नये. मुलाखतीत 'हे असे का लिहिले?' एवढा एकच प्रश्न पुरतो.

काम अडले तर घाबरू नये. पडद्यावर आलेली चुकीची सूचना आधी पूर्ण वाचावी. पुष्कळ जण ती न वाचताच बंद करतात. एका वेळी एकच बदल करून पाहावा. दहा बदल एकदम केले, तर कशाने दुरुस्त झाले हे कळत नाही. तरीही सुटले नाही, तर धाकट्या भावंडाला समोर बसवून अडचण मोठ्याने सांगावी. सांगता सांगता निम्म्या वेळा उत्तर आपलेच आपल्याला सापडते.

तिसरी गोष्ट भाषेची. मराठी माध्यमाच्या मुलांना वाटते, इंग्रजी नाही म्हणजे हे क्षेत्र आपले नाही. १९८९ साली प्रमाणित झालेल्या 'सी' या भाषेत राखीव शब्द अवघे ३२ होते. अवघड असतो तो विचार, आणि विचार मराठीतही तितकाच नेटका करता येतो. पुढे नोकरीत वाचण्या-लिहिण्यापुरते इंग्रजी लागतेच; त्यासाठी रोज एक पान वाचावे आणि पाच ओळी लिहाव्यात. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएलवर विनामूल्य पाहता येतात. नोकरीची हमी देऊन हजारो रुपये मागणाऱ्या क्लासच्या दारात जाण्याआधी ती पाहावीत.

मराठीसाठीही संगणकात पुष्कळांनी कष्ट घेतले आहेत. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठी मोठे काम केले. युनिकोडच्या मुख्य तक्त्यात देवनागरीला १२८ जागा आहेत. आचार्यांचा आणि आचाऱ्यांचा यांत एक गुरूचा असतो आणि दुसरा स्वयंपाक्याचा. हा फरकही आज संगणकावर नीट लिहिता येतो. म्हणून मंडळाची पत्रे, सभासदांची यादी, इतिवृत्ते युनिकोडमध्येच ठेवावीत. जुन्या फाँटमध्ये लिहिलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला, तर अर्थहीन चिन्हे दिसतात.

चौथी गोष्ट राखण्याची. महत्त्वाच्या कागदांच्या तीन प्रती असाव्यात, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. पासवर्ड आपल्यालाच आठवेल असा लांबलचक असावा आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा असावा. ओटीपी कोणालाही सांगू नये, मग फोन करणारा स्वतःला बँकेचा साहेब म्हणवो की शिष्यवृत्ती विभागाचा. फसवणूक झालीच, तर लाजत बसू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळविले, तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता अधिक.

मित्रांनो, मलिक अंबर १६२६ साली वारला आणि त्याची कबर आपल्या खुलताबादेतच आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेल्या या माणसाने पुढे निजामशाहीचा कारभार सांभाळला, खडकी शहर वसविले आणि त्याला जमिनीखालच्या नहरीने पाणी दिले. त्या नहरीला ठिकठिकाणी आत उतरता येईल अशी तोंडे ठेवलेली होती. कधी ना कधी गाळ साचणार, हे बांधणाऱ्याने आधीच धरून चालले होते. उत्तम इंजिनिअर तो, जो आपल्यानंतर येणाऱ्याला दुरुस्त करता येईल असे काम करतो. आपली वही, आपला प्रोग्राम, मंडळाचा हिशेब, सारे असे असावे की आपण नसतानाही दुसऱ्याला उलगडावे.

शेवटी एक विनंती. आपल्या वस्तीत शिकून नोकरीला लागलेले तरुण आता बरेच आहेत. प्रत्येकाने वर्षातून दोन रविवार द्यावेत आणि मंडळाच्या खोलीत बसून मुलांचे कागद ताडून पाहावेत, अर्ज भरून द्यावेत. यासाठी इमारत लागत नाही, देणगी लागत नाही. एक मोबाईल, एक वही आणि थोडा धीर लागतो. पुढील प्रवेशाच्या हंगामात अक्षराच्या फरकामुळे आपल्या एकाही मुलाचा अर्ज अडकला नाही, तर या मेळाव्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.