मुंबईत जन्मलेली देवळालीची शाळा



देवळाली कॅम्पातली बार्न्स शाळा 1925 साली सुरू झाली.
पण तिचं मूळ त्याहून दोनशे वर्षं जुनं आहे.
आणि ते देवळालीत नाही, मुंबईत आहे.

1718 साली पाद्री रिचर्ड कॉब यांनी मुंबईच्या कोटात
एक छोटी धर्मादाय शाळा काढली.
गरीब मुलं तिथं शिकत.

पुढे 1815 साली आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांनी
बॉम्बे एज्युकेशन सोसायटी स्थापन केली.
शाळा तिच्याकडे आली, मग भायखळ्याला गेली.

भायखळ्याला गिरण्या वाढल्या, गर्दी झाली.
वसतिगृहातल्या मुलांना मोकळी हवा हवी होती.
देवळालीची कोरडी हवा तेव्हाही नावाजलेली.
हवापालटाला येणाऱ्यांची सॅनेटोरियमं इथं आजही आहेत.

मुलं देवळालीला आली.
नव्या शाळेला नाव मिळालं बार्न्स यांचं.
भायखळ्याची शाळा मात्र बंद पडली नाही.
क्राइस्ट चर्च स्कूल म्हणून ती आजही भरते.

म्हणजे, श्रोतेहो, मूळ एक, शाळा दोन.

बार्न्सचं खरं वैभव म्हणजे जागा.
शेकडो एकरांचा परिसर,
आत वसतिगृहं, प्रार्थनामंदिर आणि खेळाची मैदानं.
शहरातल्या शाळेला एवढं अंगण कुठलं?

स्पेन्स, लॉइड ही नावं मुलांच्या तोंडी रोजची,
कारण शाळेतल्या हाउसांची ती नावं आहेत.
सर जॉर्ज लॉइड हे 1923 पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते.

देवळालीची शाळा निघाली ती मुख्यतः अँग्लो-इंडियन मुलांसाठी.
आज इथं सर्व धर्मांची मुलंमुली एकत्र शिकतात,
काही वसतिगृहात राहून, काही रोज घरून येऊन.