चष्म्यामागचा डोळा

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पुणे येथे दिलेले व्याख्यान)



डोळ्यांच्या आरोग्याविषयी चार शब्द सांगावेत, अशी कार्यकारी मंडळाने आम्हांस आज्ञा केली. विषय अफाट आहे. म्हणून मोतीबिंदू, काचबिंदू वगैरे मंडळींना आज बाजूस ठेवून एकाच गोष्टीविषयी बोलावयाचे आम्ही ठरविले आहे. ती गोष्ट म्हणजे मोठ्या नंबराचा चष्मा आणि त्याच्या मागे असलेला डोळा. समोर नजर टाकली तर या सभागृहात जाड भिंगे बरीच दिसतात. वक्त्याच्या नाकावरही तीच आहेत, तेव्हा कोणी राग मानू नये.

आपल्या घरांतून चष्म्याला एक प्रकारची प्रतिष्ठा आहे. न्यायमूर्ती रानड्यांचे डोळे अधू झाले तेव्हा त्यांना वाचून दाखविण्याचे काम रमाबाई करीत, ही हकीकत लहानपणी आम्हांस वाचनाच्या थोरवीचे उदाहरण म्हणून सांगितली जाई. रानड्यांचे दुखणे निराळे असेल. पण ‘वाचून वाचून डोळे घालविले’ या वाक्यात तक्रारीपेक्षा कौतुकच अधिक असते, हे आपण सर्व जाणतो. मुलाचा नंबर दरवर्षी वाढतो, अप्पा बळवंत चौकातून पुस्तके आणावीत तशी दरवर्षी नवी भिंगे आणली जातात आणि फळ्यावरचे स्पष्ट दिसू लागले की प्रकरण मिटले, अशी समजूत असते. ही समजूत अपुरी आहे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रौढ माणसाचा निकोप नेत्रगोल पुढून मागे सुमारे चोवीस मिलिमीटर लांब असतो. ऱ्हस्वदृष्टीच्या बहुतेक माणसांत ही लांबी वाढलेली असते. एक मिलिमीटर वाढला की नंबर स्थूलमानाने अडीच ते तीनने चढतो. उणे सहा किंवा त्याहून अधिक नंबर असेल तर त्यास तीव्र ऱ्हस्वदृष्टी म्हणतात. आता नेत्रगोल लांबला म्हणून त्याचे अस्तर काही नव्याने पुरविले जात नाही. एकाच गोळ्याची पोळी जितकी मोठी लाटावी तितकी ती पातळ होते; अगदी तसेच येथे होते. डोळ्याच्या आतल्या बाजूस प्रकाश ग्रहण करणारा जो पडदा आहे, त्यास आम्ही दृष्टिपटल म्हणतो. हे दृष्टिपटल, त्याच्या मागचा रक्तवाहिन्यांनी भरलेला थर आणि बाहेरचे पांढरे कवच ही तिन्ही ताणली जातात.

हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ साली डोळ्याच्या आत पाहण्याचे साधन प्रसिद्ध केले, तेव्हापासून हे दृश्य नेत्रवैद्यांच्या परिचयाचे आहे. एरवी नदीच्या फाट्यांप्रमाणे डौलाने वळणाऱ्या रक्तवाहिन्या अशा डोळ्यात ताठ व बारीक झालेल्या दिसतात. त्यांच्यामागचा रंगाचा थर विरळ झाल्यामुळे खालच्या थरातील जाड वाहिन्याही, पातळ पोळी उजेडाकडे धरावी तशा, आरपार दिसू लागतात. आता रंगद्रव्य न टोचताही केशवाहिन्यांचे जाळे टिपणारी यंत्रे पुण्यात आहेत. जेथे हे जाळे विरळ झाले, तेथे उत्तम चष्मा लावूनही नजर कमी भरते, असे पुष्कळदा आढळते. मात्र वाहिन्या बारीक झाल्या म्हणून नजर गेली, की मूळ ताणानेच दोन्ही गोष्टी घडविल्या, याचा निवाडा झालेला नाही. आमचा कल दुसऱ्या मताकडे आहे. जाता जाता एक नवलाची गोष्ट सांगतो. लांब डोळ्यांच्या माणसांत मधुमेहामुळे होणारी दृष्टिपटलाची विकृती तुलनेने कमी आढळते. अर्थात एवढ्या नफ्यावर विसंबून कोणी आजच्या भोजनातील जिलबीचा हिशेब करू नये.

दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी, ज्या बिंदूने आपण अक्षर वाचतो व समोरच्याचा चेहरा ओळखतो, तेथे पटलाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतातच. त्या बिंदूचे पोषण मागच्या थरातून होते. ताणाने या दोहोंमधील पापुद्र्यास बारीक चिरा पडतात. कधी कधी त्या चिरेतून मागच्या नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या पुढे घुसतात, पाझरतात आणि नेमक्या मध्यबिंदूखाली रक्त सांडते. त्यामागून उरणाऱ्या काळ्या डागाचे वर्णन व्हिएन्नाच्या फुक्स यांनी १९०१ साली केले. आजही तो डाग त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

हा डाग आम्ही पुस्तकात वाचला होता. तो आमच्या घरात निघाला.

आमचे थोरले बंधू अण्णा बुधवार पेठेतील एका छापखान्यात मुद्रिते तपासण्याचे काम करीत. दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे सोळाच्या घरात. १९८७ च्या पावसाळ्यात त्यांना मुद्रितातील शिरोरेषा मध्येच खाली वाकलेली दिसू लागली. त्यांनी खिळे जुळविणाऱ्यास बोल लावला. खिळे सैल बसले आहेत, म्हणून दोन फर्मे परत पाठविले. तो बिचारा पुन्हा जुळवून आणी आणि अण्णांना रेषा पुन्हा वाकडीच दिसे. तीन आठवड्यांनी एकदा सहज उजवा डोळा चोळताना डाव्याने पाहिले, तो शिरोरेषा सरळ! तेव्हा कोठे त्यांनी आम्हांस सांगितले. एकाच घरात, एकाच पंक्तीस जेवणारा भाऊ नेत्रवैद्य, आणि त्यास तीन आठवडे पत्ता नाही. दोष त्यांचा नव्हता. शिरोरेषा वाकडी दिसली तर मला सांगा, असे आम्हीच त्यांना कधी सांगितले नव्हते.

त्या काळी लेसरने नव्या वाहिन्या जाळण्याचा उपाय होता. परंतु रक्त मध्यबिंदूखालीच असल्यामुळे तो जाळणे म्हणजे नजरच जाळणे झाले असते. म्हणून प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, अण्णा पहिल्या दिवशी आले असते तरी फारसे निराळे घडले नसते. उजव्या डोळ्याची मधली नजर गेली ती गेलीच.

पुढे २००४ साली मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी बेव्हासिझुमॅब हे औषध मान्य झाले. नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणे हा त्याचा गुण. पुढच्याच वर्षापासून ते अत्यल्प मात्रेत डोळ्यात टोचण्यास नेत्रवैद्यांनी आरंभ केला. त्याच जातीची खास डोळ्यांची औषधेही निघाली. २०११ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी, अण्णांच्या डाव्या डोळ्यापुढे वर्तमानपत्राच्या मथळ्याची रेषा वाकली. या वेळी त्यांनी कोणास बोल लावला नाही. संध्याकाळच्या आत ते आमच्यासमोर बसले होते. त्याच आठवड्यात पहिले इंजेक्शन झाले, पुढे आणखी दोन द्यावी लागली. अण्णा आजही भिंग घेऊन वर्तमानपत्र वाचतात आणि छपाईच्या चुकांवर तांबड्या शाईने खुणा करतात.

एकाच माणसाचे हे दोन डोळे आम्हांस सारखे डोळ्यांपुढे दिसतात, म्हणून आज आग्रहाने विनवितो. मराठी वाचकास प्रत्येक ओळीवर एक आखलेली रेषा आयतीच मिळालेली आहे. मोठा नंबर असणाऱ्याने आठवड्यातून एकदा चष्मा लावून, एक डोळा तळहाताने झाकून, पुस्तकाची शिरोरेषा पाहावी. नंतर दुसऱ्या डोळ्याने पाहावी. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर चांगला डोळा दुसऱ्याचे उणे झाकतो. रेषा वाकली किंवा मध्येच पुसली तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, दृष्टिपटलाच्या तज्ज्ञाकडे जावे. विजा चमकल्यासारखे दिसणे, एकाएकी काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडणे, बाजूने पडदा सरकत येणे, ही दृष्टिपटल फाटण्याची व सुटण्याची लक्षणे आहेत. तेथेही सवड नसते.

आता थोडे अप्रिय बोलावयाचे आहे. आपल्या वधूवर सूचीच्या अर्जात चष्म्याचा रकाना आहे. तो पुष्कळदा कोरा असतो, अथवा ‘लेसर झाले, चष्मा नाही’ असे अभिमानाने लिहिलेले असते. लेसरने डोळ्याच्या पुढच्या काचेचा आकार बदलतो, नंबर जातो. पण लांबलेला नेत्रगोल आखूड होत नाही आणि मागचे पातळ पटल होते तसेच राहते. मोतीबिंदू काढून भिंग बसविल्यावरही तेच. एक सून आमच्याकडे पडदा सरकू लागल्यावर आठ दिवसांनी आली. उशीर का, असे विचारता ती गप्प राहिली; तिच्या आईने मागाहून सांगितले की, सासरी नंबराची गोष्ट कळविलेली नव्हती. शस्त्रक्रियेने पटल बसले, नजर मात्र पूर्वीइतकी आली नाही. ज्यांनी तो रकाना कोरा ठेविला त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे आम्ही जाणतो. तरी तो भरला जावा, आणि भरलेला पाहून स्थळ नाकारले जाऊ नये, या दोन्ही गोष्टी या सभागृहातील वडीलधाऱ्यांच्या हाती आहेत.

आईबाप दोघेही ऱ्हस्वदृष्टीचे असले तर मुलांस ती होण्याचा संभव वाढतो, हे खरे. परंतु सारे आनुवंशिकतेवर ढकलता येत नाही. नागपूरजवळच्या खेड्यांतून २००६ ते २००८ या काळात डॉ. विनय नांगिया व जर्मनीचे डॉ. योस्ट योनास यांनी तीस वर्षांवरील ४,७११ जणांचे डोळे तपासले. त्यांत तीव्र ऱ्हस्वदृष्टी शंभरांत सुमारे एकालाच होती. ती शेतात राबणारी माणसे. पेठांतील व कोथरूडच्या सदनिकांतील मुलांस तो आकडा लावता येणार नाही. तैवानमध्ये २०१० पासून शाळकरी मुलांस रोज दोन तास उघड्यावर नेण्याचा उपक्रम सुरू झाला आणि त्याचा उपयोग दिसून आला. आपल्याला तर पर्वती आणि वेताळ टेकडी घरबसल्या मिळालेल्या आहेत. संध्याकाळच्या दोन शिकवण्यांपैकी एक कमी केल्यास मुलाचे काही बिघडणार नाही, असे आमचे मत आहे. नंबर झपाट्याने वाढत असेल तर अॅट्रोपिनचे सौम्य थेंबही देतात. मात्र ते वैद्याच्या देखरेखीखालीच.

संमेलनानंतर बाजूच्या खोलीत आम्ही व आमचे दोन तरुण सहकारी बसणार आहोत. ज्यांचा नंबर सहाच्या वर आहे, अथवा लेसरपूर्वी होता, त्यांनी नावे द्यावीत. थेंब घालून बाहुली मोठी केल्यावर चार-पाच तास जवळचे धूसर दिसते आणि उजेड सहन होत नाही; तेव्हा स्कूटर स्वतः चालवीत घरी जाऊ नये, कोणास तरी सोबत घ्यावे. ज्यांस आज जमणार नाही त्यांनी वर्षातून एकदा आपापल्या नेत्रवैद्याकडून अशी तपासणी करून घ्यावी आणि ‘बाहुली मोठी करून पाहा’ असे स्वतः होऊन सांगावे. नुसता नंबर काढून घेऊन परत येऊ नये.