कॉलेजातील गळती आणि आधी दिसणाऱ्या खुणा
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात, आलापल्ली येथे दिलेले भाषण)





मला दिलेला विषय 'उच्च शिक्षणातील गळती' असा आहे. नाव भारदस्त असले तरी विषय आपल्या घरातलाच आहे. बारावीचा निकाल लागला की आपण पेढे वाटतो. संस्था गुणगौरव समारंभ करते, हार-तुरे होतात, फोटो निघतात. मग तीच मुले कॉलेजात नाव घालतात. आणि पुढे? त्यांतील किती मुले दुसऱ्या वर्षात जाऊन बसली, हे या मंडपात कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकेल काय? गुणगौरवाची यादी आपल्या कपाटात आहे, गळालेल्यांची यादी कोठेच नाही.

बी.एड.च्या अभ्यासात आम्हाला १९२९ सालच्या हारटॉग समितीविषयी शिकवीत. प्राथमिक शाळेत नाव घातलेली पुष्कळ मुले चौथीपर्यंत पोहोचतच नाहीत, असे त्या समितीने दाखवून दिले. 'गळती' आणि 'स्थगिती' हे शब्द तेव्हापासून शिक्षणशास्त्रात रुळले. पुढे १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाने त्यांचा पुन्हा विचार केला. या आयोगाचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते. शंभर वर्षे होत आली. प्राथमिक शाळेतली गळती पुष्कळ आटोक्यात आली, पण आता ती वर सरकली आहे. सच्चर समितीने २००६ साली सांगितले होते की, ६ ते १४ वयाच्या मुसलमान मुलांपैकी २५ टक्के मुले एक तर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मधेच बाहेर पडली. त्यानंतर परिस्थिती बदलली, हे मान्य केले पाहिजे. उच्च शिक्षणाच्या सरकारी पाहणीप्रमाणे २०१४-१५ साली देशातील महाविद्यालयांत सुमारे १५ लाख ३४ हजार मुसलमान विद्यार्थी होते. २०२१-२२ साली ते २१ लाखांवर गेले आणि त्यांत जवळजवळ निम्म्या मुली होत्या. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु हा आकडा हजेरीपटावर नाव असलेल्यांचा आहे. आत गेलेले सगळे पदवी घेऊन बाहेर आले की मागच्या दाराने निघून गेले, हे त्यावरून कळत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मूल कॉलेज सोडते ते एका दिवसात सोडत नाही. सोडण्याआधी दोन-तीन महिने त्याच्या खुणा दिसत असतात. त्या खुणा वेळीच ओळखून माणूस धावला पाहिजे, एवढीच कल्पना परदेशातील कित्येक विद्यापीठांनी संगणकाच्या साह्याने राबवली आहे. तिला ते पूर्वसूचना पद्धती म्हणतात.

ही पद्धती आलापल्लीच्या माणसाला नवी वाटू नये. आपण सागवानाच्या जंगलात राहतो. उन्हाळ्यात मोहाच्या झाडाखालचा पाचोळा कोणी पेटवतो, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून कोणी आग लावतो आणि वणवा पसरतो. पूर्वी धूर दिसला की माणसे पळत. आता भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहाच्या साह्याने वणव्याच्या सूचना देते आणि त्या वनरक्षकाच्या मोबाईलवर येतात. उपग्रह आग विझवतो काय? नाही. तो फक्त कोठे उष्णता दिसली ते सांगतो. वनरक्षक उठून गेला तरच उपयोग. आणि कित्येकदा तो जाऊन पाहतो तो वणवा नसतोच, कोणीतरी शेताचा बांध जाळलेला असतो. सूचना आली म्हणजे आग लागलीच असे नसते, हेही लक्षात ठेवा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

अमेरिकेत अटलांटा शहरी जॉर्जिया स्टेट नावाचे विद्यापीठ आहे. तेथे गरीब घरांतील आणि घराण्यातून प्रथमच कॉलेजात आलेली मुले पुष्कळ. २००३ साली तेथे सहा वर्षांत पदवी घेऊन निघणाऱ्यांचे प्रमाण फक्त ३२ टक्के होते. २०१२ पासून त्यांनी प्रत्येक विद्यार्थ्याच्या ८०० च्या वर बारीकसारीक गोष्टींवर संगणकाची नजर ठेवली. चुकीचा विषय घेतला, पहिल्याच पेपरात घसरला, नाव नोंदवायचे राहिले, की सल्लागाराकडे सूचना जाते आणि सल्लागार त्या मुलाला बोलावून घेतो. पदवीधरांचे प्रमाण पुढे ५० टक्क्यांच्या वर गेले. लोक संगणकाचे कौतुक करतात. मला त्याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी वाटतात. एक, त्यांनी सल्लागारांची संख्या मोठ्या प्रमाणात वाढवली, म्हणजे सूचना आल्यावर धावणारी माणसे नेमली. दुसरी, थोडी फी थकली म्हणून ज्यांची नावे कमी होत असत अशा मुलांना २०११ पासून लहान लहान रकमा देऊन त्यांनी थांबवून धरले. शेवटच्या वर्षापर्यंत आलेला मुलगा किरकोळ बाकीसाठी घरी जातो, हे तिकडेही घडत होते.

शिकागोच्या शाळांमध्ये दुसरा अनुभव आला. तेथील अभ्यासकांनी २००५ साली दाखवून दिले की, नववीच्या वर्षी जी मुले रुळावर राहतात, म्हणजे मुख्य विषयांत एखाद्यापेक्षा अधिक वेळा नापास होत नाहीत आणि वर्षाचे श्रेयांक पुरे करतात, ती वेळेत शाळा पूर्ण करण्याची शक्यता इतरांच्या साडेतीन पट असते. आणि पहिल्या वर्षी कोण घसरणार हे आधीच्या परीक्षेच्या गुणांपेक्षा हजेरीवरून अधिक कळते. आपण पालक टक्केवारी विचारतो, हजेरी विचारीत नाही.

आता आपल्या तालुक्यातला एक मुलगा डोळ्यांपुढे आणा. बारावीला बऱ्यापैकी गुण. बी.ए. किंवा बी.कॉम.ला नाव घातले. जुलैत पावसाने रस्ता बंद. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दरवर्षीचेच; त्या बाजूच्या मुलांचे पहिले आठवडेच बुडतात. मग एस.टी.चा पास काढायचा राहतो. आता हे बारकाईने पाहा. विद्यार्थी पासाला ६६.६७ टक्के सवलत आहे. पास काढला नाही म्हणजे रोज पूर्ण भाडे भरावे लागते, म्हणजे रोज जाणे होणार नाही. मुलाने पास काढला नाही ही माझ्या मते सर्वांत पहिली खूण, आणि ती कोणत्याही प्राध्यापकाला दिसत नाही, आईला दिसते.

ऑगस्ट-सप्टेंबरात दुसरी खूण. बाजाराच्या दिवशी तो दुकानावर बसू लागतो. आधी एक दिवस, मग दोन. वडिलांचे गॅरेज असो, आरागिरणी असो, किराणा असो, मदतीला कोणाची ना नाही. पण अंतर्गत चाचणी त्याच दिवशी निघून जाते. तिसरी खूण शिष्यवृत्तीच्या अर्जाची. महाडीबीटीवर अर्ज अर्धवट भरलेला, आधार बँकखात्याला जोडलेले नाही, उत्पन्नाचा दाखला तहसीलमध्ये अडकलेला. मुलगा घरी सांगतो, "होऊन जाईल." चौथी खूण मात्र धोक्याची: परीक्षेचा अर्ज भरायची मुदत संपली आणि त्याने भरलाच नाही. इथपर्यंत आला म्हणजे मनाने तो केव्हाच बाहेर पडलेला असतो. त्यानंतर आपण त्याला रागावतो.

उन्हाळी सत्राची तर गोष्टच वेगळी. एप्रिलअखेरीपासून तेंदूचा हंगाम. फडावर हिशेब लिहायला, पोती मोजायला शिकलेला पोरगा सर्वांनाच हवा असतो. त्यात २०२१ पासून सुरजागडच्या लोहखनिजाचे काम जोरात सुरू झाले आणि ट्रकांच्या रांगा आपल्या गावातून जाऊ लागल्या. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला महिन्याकाठी हातात रोख पैसा दिसू लागला. मी त्या कामाला नावे ठेवीत नाही. ज्याच्या घरी चूल पेटायची आहे त्याला पदवीचे तत्त्वज्ञान ऐकवणे सोपे आहे, मी ते ऐकवणार नाही. पण काम धरलेल्या मुलाने नाव तसेच टाकून देणे आणि रीतसर मार्ग काढून जाणे यात फरक आहे. २०२१ पासून श्रेयांक पेढी निघाली आहे. पास केलेल्या विषयांचे श्रेयांक तिच्यात सात वर्षांपर्यंत जमा राहू शकतात. नव्या धोरणाप्रमाणे पहिल्या वर्षाचे किमान ४० श्रेयांक आणि त्यावर ठरवून दिलेला कौशल्याचा अभ्यासक्रम पुरा केला, तर प्रमाणपत्र घेऊन थांबता येते आणि पुन्हा परत येता येते. सत्राच्या मधे परीक्षा न देता निघून गेलेल्याला यातले काहीच मिळत नाही. नाशिकचे मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, तो रस्ताही कोणी बंद केलेला नाही. या गोष्टी मुलाला सोडून जाण्याआधी कोणी तरी सांगायला हव्यात, नंतर नव्हे.

मग कॉलेजवाले काय करतात, असे तुम्ही विचाराल. नियमाप्रमाणे काही मुलांमागे एक पालक-प्राध्यापक असतो आणि त्याची फाईलही असते. काही ठिकाणी ती नॅकची समिती यायच्या आठवड्यात घाईघाईने भरली जाते असे ऐकतो. सगळीकडे तसेच असेल असे मी म्हणणार नाही. आपल्या दोन्ही जिल्ह्यांसाठी २०११ साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाले. त्याआधी बारीकसारीक कामासाठी नागपूर गाठावे लागे, तो त्रास पुष्कळ वाचला. परंतु आपल्या मुलाने पास काढला की नाही, हे गडचिरोलीहून कोणी पाहणार नाही.

येथे मला एक कडू गोष्ट सांगायची आहे. ही पूर्वसूचना दुधारी आहे. अमेरिकेतच मेरीलँड राज्यात माउंट सेंट मेरीज या विद्यापीठात २०१६ साली असे उघडकीस आले की, नव्या विद्यार्थ्यांची एक प्रश्नावली घेऊन, जे पुढे सोडून जातील असे वाटते त्यांना अधिकृत मोजणीच्या आधीच घरी जायला लावण्याचा अध्यक्षांचा बेत होता. कारण काय, तर मोजणीनंतरची गळती कमी दिसावी! विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राने ही बातमी छापली, गदारोळ झाला आणि त्या अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला. विस्कॉन्सिन राज्यात शाळांसाठी असाच संगणकीय अंदाज अनेक वर्षे चालू होता. २०२३ साली पत्रकारांनी दाखवले की, गोऱ्या मुलांच्या मानाने काळ्या मुलांविषयी त्याचा इशारा कितीतरी अधिक वेळा खोटा ठरत होता. 'हा गळणार' असा शिक्का आधी बसला की शिक्षकाची नजर बदलते. आपल्या समाजाला शिक्क्यांचा अनुभव नवा नाही, म्हणून आपण तरी आपल्या मुलांवर तो मारू नये.

आणि मुलींच्या बाबतीत तर फारच जपून. येथे बसलेल्या वालिदांनी राग मानू नये. मुलगा चार दिवस गैरहजर राहिला असे घरी कळवले तर त्याला बोलणी बसतात. मुलगी चार दिवस गैरहजर राहिली असे कळवले तर काही घरांत तिचे कॉलेजच बंद होते, आणि स्थळे पाहायला सुरुवात होते. म्हणजे ज्या सूचनेने ती वाचायची, तिनेच ती गळते. त्या चार दिवसांचे कारण बहुधा साधे असते: बस चुकली, आजीचे आजारपण, वर्गात कोणी ओळखीचे नाही. २०२३ च्या मार्चपासून एस.टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट झाले, तरी कित्येक मुलींना सोबत नाही म्हणून घरी राहावे लागते. म्हणून माझी सूचना अशी की, मुलीविषयी काही कळले तर पहिली भेट शिक्षिकेने किंवा कॉलेज करून आलेल्या एखाद्या ताईने, त्या मुलीशीच घ्यावी. आईशी बोलणे दुसरे. घरी काय सांगायचे ते मुलीला विचारून ठरावे. काहींना हे पटणार नाही. मी विचार करूनच बोलतो आहे.

आपल्याला ८०० गोष्टी नकोत आणि संगणकही नको. एक दोनशे पानी रजिस्टर पुरेल. यंदा प्रथम वर्षाला गेलेल्या प्रत्येक मुला-मुलीला एक पान. त्यावर पास काढला का, चाचणी दिली का, शिष्यवृत्तीचा अर्ज गेला का, परीक्षेचा अर्ज भरला का, एवढेच. वडिलांचे उत्पन्न, घरातली भांडणे, कोणाशी बोलते, कोणाबरोबर दिसला, असले एक अक्षरही त्यात लिहायचे नाही. हे रजिस्टर कार्यालयाबाहेर जाणार नाही, आणि ज्याचे पान आहे त्याला ते केव्हाही पाहता येईल. एखादा रकाना कोरा राहिला, तर तीन दिवसांच्या आत कोणी तरी त्या मुलाला प्रत्यक्ष भेटायचे, फोनवर नव्हे. भेटीत पहिला प्रश्न 'का गेला नाहीस' हा नसावा, 'काय अडले आहे' हा असावा. जे भेटायला जातील ते त्याच कॉलेजात एक-दोन वर्षे पुढे असलेले विद्यार्थी असावेत असे मला वाटते. आम्ही मास्तर लोक गेलो की मुले खरे सांगत नाहीत.

पैशाची अडचण निघाली तर संस्थेने परीक्षा शुल्कापुरती लहान मदत लगेच द्यावी. आज संस्था गुणवंतांना बक्षिसे देते, ती जरूर द्यावीत. पण त्यांतील काही भाग या कामासाठी काढला तर अध्यक्ष महोदय नाही म्हणणार नाहीत, अशी आशा आहे. बैठकीवर बैठका घेऊन मुदत संपल्यावर मिळालेले पैसे कोणाच्याच कामाचे नसतात.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी सात जणांनी भाषण सुरू होण्यापूर्वीच भेटीच्या कामासाठी नावे दिली आहेत, त्यांत तीन मुली आहेत. अजून चार-पाच नावे हवीत, विशेषतः अहेरीहून जाऊन-येऊन करणाऱ्यांची. रजिस्टर मी आणून कार्यालयात ठेवले आहे. येत्या रविवारी सकाळी १० ते १ मी तेथे बसणार आहे. ज्यांची मुले यंदा प्रथम वर्षाला आहेत त्यांनी मुलाला सोबत घेऊन यावे आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाचे कागद असतील ते आणावेत, अपुरे असले तरी चालतील.