सीडबॉक्सला आरएसएस जोडताना

मागच्या भागात आपण सीडबॉक्स, म्हणजे दूरचा भाड्याचा सर्व्हर घेतला. आज त्याला आरएसएस जोडू. लिनक्सची नवी आवृत्ती आली की तिथेच आपोआप उतरेल, तुमचा मोबाइल डेटा न खाता.

क्यूबिटटॉरंटच्या सेटिंगमध्ये दोन वेगळे पर्याय आहेत: फीड वाचणं आणि आपोआप डाउनलोड. दोन्ही सुरू करा. बरेच जण पहिलाच करतात नि वाट बघत बसतात!

मग डिस्ट्रोवॉचच्या टॉरंट फीडची लिंक टाका. नियमात 'डेबियन' असा शब्द इंग्रजीत द्या आणि नियम त्या फीडला लावा. मी शब्दाची जागा रिकामी सोडली होती; सकाळी डिस्क फुल्ल!

आणि हो, खासगी ट्रॅकरच्या फीड-लिंकमध्ये बहुधा तुमची पासकी असते. ती ग्रुपवर टाकू नका. भेटू!