आधी पडायला शिका

२०१६ च्या फेब्रुवारीत शिलाँगला दक्षिण आशियाई स्पर्धांतला ज्युदो झाला. शेजारशेजारच्या देशांच्या मुली एकाच मॅटवर उतरल्या. नेपाळच्या फुपू ल्हामू खत्रीनं ६३ किलो गटात सोनं जिंकलं. त्याच वर्षी रिओ ऑलिंपिकच्या उद्घाटनाला तिच्या देशाचा झेंडा तिच्याच हातात होता.

हे ऐकून आमच्या गटात लगेच शंका निघाली, ‘पोरीचा हातपाय मोडला तर?’ शंका रास्तच आहे. पण ज्युदोत पहिला धडा पाडायचा नसतो, पडायचा असतो. हनुवटी छातीशी घ्यायची, पाठ गोल करायची, हात सपकन मॅटवर आपटायचा. डोकं वाचतं, दणका एका जागी बसत नाही. शेवाळावर घागरीसकट घसरणाऱ्या आपल्याला हे कुणी शिकवलं होतं?

शिवाय वजनाचे गट असतात. हडकुळ्या पोरीला धिप्पाड पोरीशी झुंजावं लागत नाही. लढतीच्या आधी अन् नंतर समोरचीला वाकून नमस्कार, मग ती कुठल्याही देशाची असो.

ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा ज्युदो १९६४ ला आला, बायकांना पदकं मिळायला १९९२ उजाडलं. अठ्ठावीस वर्षं!

तालुक्याला वर्ग निघाला तर फीच्या आधी दोन गोष्टी विचारा: मॅट आहे का, आणि पडायला किती दिवस शिकवता?