वाफेची दोन कामे
(दीक्षान्त भाषण)

दगडी कोळशातली जेमतेम तिसरा हिस्सा उष्णता वीज होऊन तारेवर चढते. थोडी धुराड्यातून जाते. निम्म्याच्या आसपास कंडेन्सरच्या पाण्यात उतरते आणि कुलिंग टॉवरमधून आकाशात विरते. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे, त्यावरून या वाया जाणाऱ्या उष्णतेचा आकार कळावा. ती वाहून नेते इरई धरणाचे पाणी. टॉवरच्या पायथ्याशी भर उन्हातही श्रावणातल्या सरींसारखा आवाज येत असतो: गरम पाणी वरून झरते, त्यातले काही वाफ होऊन उडते. डिसेंबर २०१५ च्या केंद्रीय अधिसूचनेने जुन्या केंद्रांना मेगावॉट-तासामागे ३.५ घनमीटर पाण्याची मर्यादा घातली. म्हणजे एका युनिटला साडेतीन लिटर. ७५ वॅटचा पंखा तेरा-चौदा तास फिरला की तेवढे पाणी हिशेबात येते.

डेन्मार्कमध्ये वीज केंद्रांची उष्णता घरोघरी जाते. १९७३ च्या तेलसंकटानंतर तिथे १९७९ साली उष्णता-पुरवठ्याचा कायदा झाला. आज सुमारे दोन-तृतीयांश घरांना शहराच्या सामाईक नळांतून ऊब मिळते. या व्यवस्थेची कार्यक्षमता परतीच्या नळावर कळते. घरातून पाणी जितके थंड होऊन परतते, तितकी त्यातली उष्णता कामी आलेली असते.

चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. इथे घराला हवा तो गारवा. उष्णतेवर चालणारी शीतयंत्रे आहेत, पण त्यांना ८०-९० अंशांचे पाणी लागते आणि कंडेन्सरमधून निघणारे असते ४० अंशांच्या आसपास. उष्णता मुबलक, पण कोमट! अधिक गरम हवी तर वाफ टर्बाइनमधून आधीच काढावी लागते आणि तेवढी वीज घटते. ही किंमत न सांगता मांडलेली योजना अपुरीच.

वाफेकडून दोन कामे घेण्याचा धडा मात्र बल्लारपूरच्या कागद कारखान्यात जवळच आहे. तिथे वाफ आधी टर्बाइन फिरवते, मग लगदा शिजवते आणि कागद वाळवते. बॉयलर आणि गरज एकाच आवारात असल्याने हे साधते. लांबच्या नळात उष्णता वाटेतच झिरपते.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी २०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या स्नातकांना अशी ठिकाणे भाताच्या पट्ट्यातही सापडतील. उसना तांदूळ करताना धान गरम पाण्यात भिजवतात, वाफवतात, वाळवतात. इंधन म्हणून कोंडा जळतो. भिजवणीचे पाणी गरम असतानाच नालीत सोडले, तर पुढच्या घाण्याचे पाणी पुन्हा शून्यापासून तापवावे लागते. भिजवणीचे ते गरम पाणी टाकीत नव्या पाण्याच्या नळीभोवती फिरवून मगच सोडले, तर कोंडा वाचतो. किती, हे ठरवायला नालीच्या तोंडाशी थर्मामीटर धरावा लागतो आणि दर घाण्याला किती पाणी जाते ते मोजावे लागते.