बोर्गुंडचे लाकडी चर्च
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नका. भाचीच्या बाळंतपणासाठी नॉर्वेला जाण्याचा योग आला होता. तेथे लेर्दालच्या खोऱ्यात खेड्यातले एक जुने चर्च पाहिले, त्याविषयी सांगते.

बोर्गुंडचे हे चर्च सन ११८० च्या सुमाराचे. म्हणजे ज्ञानेश्वर माउलींच्या जन्माच्याही आधीचे, आणि सगळे लाकडाचे! छपरावर छप्पर, कौलेसुद्धा लाकडाची, आढ्याच्या टोकांना तोंड वासलेले लाकडी ड्रॅगन. सभोवार चक्क आपल्यासारखी पडवी. आत मात्र अंधार; वर भिंतीत लहान गोल झरोके तेवढे. त्या काळी प्रार्थनेला पुरुष दक्षिणेकडे असत आणि बायका उत्तरेकडे. थंडीची बाजू तिथेही आपल्याच वाट्याला!

आठशे वर्षे लाकूड टिकले कसे? त्याआधी खांब जमिनीत पुरीत, ते बुडाशी कुजत. मग कारागिरांनी दगडी जोत्यावर जाड आडवी लाकडे टाकून खांब त्यांवर उभे केले. मातीची ओल वर चढेना. शिवाय पाइनच्या लाकडाचे डांबर वरचेवर फासायचे. म्हणून भिंती काळ्या, आणि जवळ गेले की होडीसारखा वास येतो. अशी शेकडो चर्चे होती, आता २८ उरली आहेत. १८६८ मध्ये गावाने शेजारीच नवे चर्च बांधले; १८७७ मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या एका संस्थेने हे आपल्याकडे घेतले, म्हणून वाचले.

ते खांब बघताना मला आमचे माजघर आठवले. आमचेही खांब तळखड्यांवरच उभे. दहा वर्षांपूर्वी फरशीचा हट्ट मी धरला. फरशी तळखड्यांच्या वर चढली आणि रोजच्या धुण्याचे पाणी खांबांच्या बुडाशी मुरत गेले. तीन खांब सडले. घर पाडण्याचे बोलणे निघाले, तेव्हा सगळे मामंजींनी आणलेल्या लाकडालाच बोल लावीत होते. मी गप्प राहिले.

परत आल्यावर ह्यांना सारे सांगितले. हे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहार घेऊन आले. तीन खांब बदलावे लागले. बाकीच्या नऊ खांबांभोवतीची फरशी फोडून काढली आहे. येता-जाता ठेच लागते, पण तळखडे पुन्हा दिसू लागले आहेत.